काहील सरळ उतरावी म्हणून

आजवर मी कोल्हापूरला जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा सुमन बरोबर होती. बायकोच्या माहेरी एकट्यानं जायची वेळ वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा आली. तिला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. नागपूरच्या घरात मी, पुस्तकं आणि सकाळी दार वाजवणारा दूधवाला, एवढंच उरलं होतं. कुठं जावंसं वाटत नव्हतं, आणि कुणी बोलावतही नव्हतं.

दिवाळीनंतर विलासचा फोन आला. विलास म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ. पेठ वडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर तो गुळव्या आहे. उसाचा रस उकळताना त्याचा गूळ नेमका केव्हा झाला हे ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. गुऱ्हाळाचा मालक कुणीही असो, आत शब्द चालतो गुळव्याचा.

"दाजी, माझं बी काळीज मोठं झालंय म्हणत्यात," विलास म्हणाला. "तीन तारांची मशीन बसवायची म्हणत्यात. अक्काला बसवलेली तसलीच. पर त्येच्या आधी सोनोग्राफीवर काळजाचं चित्र काढणार हायत. मशीनचा उपेग हुईल का न्हाय, त्ये चित्रात बघणार. तुम्ही या. तुम्ही व्हय म्हणलासा तर व्हय. न्हाय म्हणलासा तर न्हाय."

मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला.

सुमनच्या वेळीही 'हो' मीच म्हटलं होतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर तिचं हृदय थकत गेलं. पुढं डॉक्टरांनी तीन तारांचा पेसमेकर सुचवला, तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही वाचणारी माणसं. तुम्हीच काय ते वाचा नि ठरवा." तीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. पण त्या दिवशी मी काहीच वाचलं नाही. कागद पुढं आला आणि मी सही केली. यंत्र बसलं. आज बरं वाटेल, उद्या वाटेल, म्हणत आम्ही आठ महिने वाट पाहिली. तिला बरं वाटलं नाही.

बॅग भरताना कपड्यांच्या खाली मी तिची फाइल ठेवली. यंत्र बसवण्याआधी काढलेल्या तिच्या इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, सीडी त्या फाइलमध्ये होती. ती कशासाठी घेतोय हे स्वतःलाही विचारलं नाही.

वडापमधून गुऱ्हाळापर्यंत

गाडीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कोल्हापूर स्टेशनबाहेर पाऊल टाकलं तेव्हा मात्र जाग आली. "ओ पावणं! कुठं सोडू?" असा आवाज इतक्या जोरात आला की मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. आमच्याकडे नागपूरला अनोळखी माणसाला 'भाऊ' म्हणतात आणि आवाज जरा खाली ठेवतात. इथं प्रेम करायचं तरी आरोळी ठोकून. सुमन लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या काकूंना कितीतरी दिवस वाटायचं की आमच्याकडे रोज भांडण होतं.

पेठ वडगावला जायला वडाप धरली. वडाप म्हणजे माणसं कोंबून भरलेली जीप. माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई फोनवर ओरडत होती, "मी आलो की! पोचलोच! तू चा टाक!"

आलो, पोचलो. इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारख्या बोलतात. सुमनही पस्तीस वर्षं नागपुरात राहून "मी जाऊन येतो" म्हणायची, आणि ग्रंथालयातल्या मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. सव्वा वर्षानं ते बोलणं कानावर पडलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि उसामागून कुठंकुठं गुऱ्हाळांचा धूर वर चढत होता.

विलास घरी नव्हता, म्हणून मी सरळ गुऱ्हाळावरच गेलो. रस उकळायची खोलीएवढी रुंद लोखंडी काहील, खाली जमिनीत खोदलेलं चुलवाण, आणि त्यात उसाची वाळलेली चिपाडं सारणारे बंडूनाना. नानांची ओळख जुनी. माझ्या लग्नात त्यांनीच वऱ्हाडाला रस पाजला होता. विलास काहिलीजवळ एका उपड्या घमेल्यावर बसला होता. पूर्वी तो कधी बसलेला दिसायचा नाही.

"या दाजी," तो म्हणाला, पण काहिलीवरची नजर त्यानं काढली नाही. "जरा थांबा. आता डोळा हलवता येत न्हाय."

मी थांबलो. पिवळसर फेस उसळत होता. विलास हळू आवाजात सांगत होता, "बुडबुडं बघायचं. आधी मोहरीयेवढं. मग हरभऱ्यायेवढं. मग लाह्या फुटल्यागत. लाह्या दिसल्या की पाण्यात थेंब टाकून गोळी वळायची." त्यानं थेंब टाकला, गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण् असा आवाज आला.

"झाला," तो म्हणाला. "ह्यो गूळ धरणार."

"आत्ताच कसं कळलं?" मी विचारलं. काहिलीत अजून पातळ पाकच तर होता.

"मागनं कळून काय उपेग, दाजी? वाफ्यात वतल्यावर समद्यास्नीच कळतंय की."

आता काहील उतरवायची होती. जाळावरची काहील उचलून पाक शेजारच्या पसरट वाफ्यात ओतायचा, तिथं तो निवून घट्ट होतो, म्हणजे 'धरतो', आणि गूळ होतो. काहिलीच्या कड्यांमधून दोन लांब वासे घातले होते. तीन माणसं या बाजूला उभी राहिली, तीन त्या बाजूला. सहाही जणांनी एकाच वेळी उचलायला हवं. त्यासाठी गुळव्या हाळी देतो. ती मी पूर्वी ऐकली होती. लांब, चढत जाणारी, आणि शेवटी तुटणारी. जिथं तुटते तिथं उचलायचं.

विलास उठून उभा राहिला. "हांऽऽऽ..." त्यानं सुरुवात केली, आणि मध्येच त्याचा श्वास संपला.

अलीकडच्या तिघांना वाटलं हाळी तुटली. त्यांनी उचललं. पलीकडचे वाट बघत राहिले. काहील तिरपी झाली, पाक एका अंगाला धावला आणि काठावरून चुलवाणात सांडला. मोठा चर्र आवाज झाला, जळक्या साखरेचा वास सुटला. "अरं अरं अरं!" म्हणत सगळ्यांनी कशीबशी ती सावरली आणि वाफ्यात ओतली. कुणाला भाजलं नाही, एवढं नशीब.

"काय ओ गुळवं," बंडूनाना खालून ओरडले, "हाळी दिलीसा का उचकी?"

सगळे हसले. विलासही हसला. पण त्याचा हात शर्टाच्या दुसऱ्या बुतामावर होता, आणि हसताना तो श्वास मोजत होता. असा छातीवर गेलेला हात मला सुमनमुळं ओळखीचा होता.

घरी शोभानं, विलासच्या बायकोनं, दारातच हाक घातली, "आलासा व्हय दाजी! किती हडकलासा! नागपुरात जेवाय देत न्हाईत काय?" भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी सुमनचा फोटो होता, मोगऱ्याचा छोटा गजरा घातलेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लावला तो अजून काढला नाही, गजरा तेवढा बदलतो, असं शोभा म्हणाली. जेवायला गरम भाकरी, खर्डा आणि वांग्याची भाजी. विलासची भाजी वेगळ्या वाटीत, बिनमिठाची.

"ही भाजी न्हवं दाजी, शिक्षा हाय," तो म्हणाला. अर्धी भाकरी खाऊन त्यानं ताट सारलं. उठताना त्याचे पाय दिसले. चपलेचा पट्टा काढून ठेवल्यावरही पायावर पट्ट्याची खोल खूण तशीच राहिली होती.

अशी खूण मी आठ महिने पाहिली होती. पायात पाणी साचलं की ती उमटते. मी शोभाकडं पाहिलं, ती भांडी उचलत होती. मी काही बोललो नाही. पाहुण्यानं आल्या आल्या घाबरवू नये, सकाळी डॉक्टर बघतीलच, असं मनाशी म्हटलं. न बोलायला मला कारण नेहमीच सापडतं.

राजारामपुरीत

विलासच्या हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना कोल्हापुरात, राजारामपुरीत. डॉक्टर मुजावर पन्नाशीच्या, ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या. त्या इकडच्याच, पण पेशंटशी पुस्तकी मराठी बोलायचं ठरवलेलं असावं. ते ठरवलेलं चिडल्या की सुटतं, हे लवकरच कळलं.

"डाव्या कुशीवर झोपा, विलासदादा," त्या म्हणाल्या. विलास झोपला आणि लगेच उठून बसला. पुन्हा झोपला, पुन्हा उठला. त्याला धाप लागली होती. ओठ निळसर दिसत होते. डॉक्टरांनी हातातलं यंत्र बाजूला ठेवलं आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"मागच्या पंधरवड्यात हे पाय कोरडे होते. गोळ्या घेताय ना?"

"घेतोय की."

"सगळ्या?"

शोभा पुढं झाली. "काय ओ? डबा तर मी रोज भरतो."

"भरतीस गं. मी खातो कुठं?"

मग सगळं बाहेर आलं. चार दिवस त्यानं एकही गोळी घेतली नव्हती. रोजच्या गोळ्या तो उशीखालच्या रुमालात बांधून ठेवत होता. का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्यानं फार समजुतीनं त्यांना सांगितलं, जणू चूक त्यांचीच होती.

"असं बगा डॉक्टरीणबाई. रसात भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येती नि रस निवळतो. मग त्यो कुणालाबी चांगलाच दिसतोय. ऊस खरा कसा हाय, त्ये बघायचं तर रस कच्चा बघाय पायजे, काय न घालता. तुम्ही माझं काळीज बघून सांगणार, मशीन धरंल का न्हाय. मग म्हणलं गोळ्या घालून निवळलेलं काळीज दाखवून तुमास्नी फसवायचं कशाला? म्हणून बंद ठेवल्या."

मग डॉक्टरांचं पुस्तकी मराठी सुटलं.

"अवो, काय माणूस हाय ह्यो! भेंडी न्हवं त्या गोळ्या! चुलवाणावर बसून जाळ कमी-जास्त करतोय की न्हाय एक माणूस? त्यो हाय त्या गोळ्या म्हंजे. त्यालाच घरी पाठवलासा. मग काहील उतू जाणार न्हाय तर काय हुणार?"

"तुमास्नी गुऱ्हाळातलं कळतंय?" विलासनं आश्चर्यानं विचारलं. धाप लागली असतानाही त्याला हे महत्त्वाचं वाटलं.

"आजोळी गुऱ्हाळ हाय माझ्या. गप्प बसा आता." त्या माझ्याकडं वळल्या आणि पुन्हा सावध भाषेत आल्या. "आपण कोण?"

"मी त्यांचा दाजी."

"हे पाय काल घरी दिसले नाहीत कुणाला?"

"दिसले होते," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. व्हीलचेअर मागवली आणि विलासला वरच्या मजल्यावर दाखल करून टाकलं. अंगातलं पाणी उतरेपर्यंत चित्र काढता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. असल्या अवस्थेत काढलेलं चित्र काळजाचं नसतं, नुसत्या धावपळीचं असतं.

खोलीबाहेर शोभा बाकावर बसून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "आता घरी न्हेऊन त्येला अशी भेंडी घालतो की बघाच." आणि रडता रडता हसली.

मध्ये गेलेले तीन दिवस

एका दिवसाचा मुक्काम असा चार दिवसांचा झाला. आळीपाळीनं दवाखान्यात बसायचं ठरलं, आणि माझी पाळी नसेल तेव्हा मी शहरात फिरलो.

मिसळ खाल्ली. आमच्याकडच्या तर्री-पोह्यांवर वाढलेल्या माणसाला तिखटाचं भय नसतं, असा माझा समज होता. दुसऱ्या घासाला नाकातून पाणी आलं. समोर बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्यानं न विचारता आपल्या बशीतला पाव माझ्या ताटात ठेवला. "दमानं, पावणं. कोण पळवून न्हेत न्हाय." आमच्याकडं असं दुसऱ्याच्या ताटात कुणी काही ठेवत नाही, ठेवलं तर आधी दहा वेळा विचारतो. मी तो पाव खाल्ला. सुमनही असंच करायची. समारंभात, परक्या लोकांत, न विचारता आपल्या ताटातलं माझ्या ताटात टाकायची, आणि मी लाजून इकडंतिकडं बघायचो. तो तिचा स्वभाव आहे असं मी पस्तीस वर्षं समजत होतो. हे इथल्या सगळ्यांचंच असतं, हे आता कळलं. त्याचं थोडं वाईट वाटलं, आणि मग फार बरं वाटलं. ती इथं बरीचशी शिल्लक होती.

संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर जाऊन बसायचो. ती सीडी पिशवीत होती. दवाखान्यात जाताना रोज ती बरोबर न्यायचो आणि रोज तशीच परत आणायचो.

विलास झपाट्यानं सुधारला. तिसऱ्या दिवशी तो उताणा झोपून शेजारच्या पेशंटला गुळाची पारख शिकवत होता. "केमिकल घातलेला गूळ पांढराशिप्पूट असतोय. चांगला गूळ तुमच्या-माझ्यागत काळासावळा." मला बघून त्यानं आवाज खाली आणला. त्याला तो खाली आणता येतो हे मला माहीत नव्हतं.

"दाजी, चित्र वाईट आलं तर?"

"तर यंत्र बसवायचं नाही. गोळ्यांवर राहायचं."

"आन् चांगलं आलं, तर तुम्ही व्हय म्हणणार?"

मी पाणी आणायला उठलो.

अंधाऱ्या खोलीत

चौथ्या दिवशी सकाळी विलास डाव्या कुशीवर नीट झोपला. खोलीत अंधार होता, फक्त पडदा उजळ. छातीला तीन वायरी चिकटवलेल्या. डॉक्टरांनी फासळ्यांवर गार जेली लावली तसा तो दचकला. "मेलो! बर्फ हाय का काय!"

"मेलेली माणसं बोलत नाहीत. श्वास सोडा. सोडलेला तसाच धरा."

पडद्यावर करडं चित्र हलू लागलं. सुमनच्या वेळी मी बाहेर बसलो होतो. या वेळी मला आत बसू द्या, अशी मी स्वतःहून विनंती केली होती. हृदय दिसतं कसं, तर पाण्याखाली उघडझाप करणाऱ्या पिशवीसारखं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. हा डाव्या-उजव्या कप्प्यांच्या मधला पडदा, आणि ही डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत. दोघांनी एकाच वेळी आत यायचं, म्हणजे रक्त पुढं जातं. विलासच्या काळजात तसं होत नव्हतं. आधी मधला पडदा चटकन आत यायचा. तो मागं सरू लागला की मग बाहेरची भिंत सावकाश ओढायची. त्या ओढाताणीत हृदयाचं खालचं टोक एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला झुकत होतं.

विलासनं मान वळवून यंत्राचा पडदा बघितला. बराच वेळ बघितला. बुडबुडे बघताना बघतो तसा.

"बाई," तो म्हणाला, "ह्यी तर तिरपी काहील उतरत्यात."

डॉक्टरांचा हात थांबला.

"अलीकडच्यांनी उचललं, पल्याडची अजून हुबीच. पाक नुसता हिकडनं तिकडं पळतोय. वाफ्यात कुठं पडतोय?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी बरोबर. आता पुढचं बघा."

त्यांनी काही बटणं दाबली. चित्राच्या कडेनं रंग भरले आणि बाजूला सहा रंगांच्या सहा रेषा उमटल्या, भिंतीच्या एकेका भागाची एक रेषा. चांगल्या हृदयात साऱ्या रेषा एकाच जागी तळ गाठतात, असं त्या म्हणाल्या. विलासच्या रेषा पांगल्या होत्या. कुणी लवकर, कुणी उशिरा. मला ते बघून भीती वाटली. डॉक्टर मात्र खुशीत होत्या.

"पांगलेल्या आहेत, पण खोल आहेत, बघा. म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं दमदार आहेत. नुसती वेळ चुकतेय. मशीन काही ओझं उचलत नाही, विलासदादा. ते नुसतं..."

"हाळी देतंय," विलास म्हणाला.

"हाळी देतंय. एक तार अलीकडं, एक पलीकडं, तिसरी वरच्या कप्प्याचा ठेका ऐकायला. एकदम उचला, असं सांगतंय. उचलायचं काळजानंच."

मग त्यांनी माझ्याकडं बघून नीट सांगितलं, एकही शब्द न गाळता. मशीन बसवायचं की नाही हे मुख्यतः ईसीजीच्या पट्टीवरून ठरतं, आणि विलासची पट्टी तशी आहे. चित्र त्यात भर घालतं. आशा किती धरावी ते चित्रावरून कळतं. या चित्रावरून बरीच धरावी. पण खात्री नाही. चांगलं चित्र असूनही उपयोग न झालेले पेशंट त्यांनी पाहिले आहेत.

शोभा विलासला कपडे द्यायला गेली. तेव्हा मी पिशवीतून सीडी काढली.

"हे माझ्या बायकोचं आहे," मी म्हणालो. "तिला असंच यंत्र बसवलं होतं. उपयोग झाला नाही. यात... हे आधी दिसलं असतं का?"

"त्या आता..."

"नाहीत."

त्यांनी काही न बोलता सीडी लावली. पडद्यावर सुमनचं हृदय चालू लागलं.

ते बघण्याची मी तयारी केली नव्हती. कोपऱ्यात तिचं नाव, तिचं वय, आणि मधोमध ती उघडझाप. तो एवढासा तुकडा होता, दोन-चार ठोके झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. न थांबता. डॉक्टरांनी तो पुष्कळ वेळा चालू दिला. विलास शर्टाची बटणं लावत येऊन माझ्यामागं उभा राहिला.

"जुन्या चित्रावर रेषा काढता येणार नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, "पण डोळ्यांना दिसतंय. ही बाहेरची भिंत बघा. ही उशिरा ओढत नाहीये. ही ओढतच नाहीये. झटक्यात हा भाग गेला, इथं नुसता व्रण राहिला."

"म्हणजे हाळी देऊन..."

"हाळी ऐकणारं तिथं कुणी नव्हतं."

मी विचारायचं तेच विचारलं. "मग मी 'हो' म्हटलं ते चुकलं?"

त्यांनी पुन्हा एकदा ती भिंत पाहिली. "हे मी आज, सगळं झाल्यावर बघतेय. त्या दिवशी पट्टी बघून मीही कदाचित बसवा म्हटलं असतं. तुम्ही एक आणखी प्रश्न विचारू शकला असता. उत्तर 'आशा कमी आहे' असं आलं असतं. तरी त्या नको म्हणाल्या असत्या का?"

सुमन नको म्हणाली असती का? मला माहीत नाही. ती बहुधा म्हणाली असती, कमी तर कमी, हाय की.

"यंत्रानं त्यांचं काही हिरावून नेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "द्यायचं होतं ते देता आलं नाही, एवढंच."

विलासचा हात माझ्या खांद्यावर पडला. जड, गुळाच्या चटक्यांच्या जुन्या खुणांचा हात. "अक्काच्या काहिलीला पल्याडची माणसंच न्हवती, दाजी," तो म्हणाला. "तुमच्या व्हय-न्हायनं ती कुठनं येणार हुती?" मग तो पडद्याकडं वाकला. "पर अलीकडची बगा की. एकटीच कशी वडत्यात. अक्काच ती."

खरंच, मधला पडदा अजून ओढत होता. पुन्हा पुन्हा, सगळा भार एकट्यानं घेतल्यासारखा. हे मला दाखवायला तिच्या भावाचे डोळे लागले.

डॉक्टरांनी चित्र थांबवलं नाही, आम्हीच निघालो तेव्हा सीडी काढून माझ्या हातात दिली. बाहेर बाकावर तिघं बसलो. शोभानं डब्यातून घरून आणलेले पोहे काढले. कुणी खात नव्हतं. विलास माझ्याकडं बघत होता. प्रश्न तोच होता, आणि या वेळी पाणी आणायला उठावं तर पाण्याची बाटली समोरच होती.

"व्हय," मी म्हणालो.

"आँ?"

"व्हय म्हणतोय. बसव. खात्री नाही, हे ऐकलंस ना? तरी व्हय."

मी जन्मात पहिल्यांदा 'व्हय' म्हटलं होतं, आणि जरा मोठ्यानं. समोरून जाणाऱ्या परिचारिकेनं वळून पाहिलं. शोभा म्हणाली, "अगं बया, दाजींना आवाज हाय की!" आणि न विचारता तिनं आपल्या वाटणीचे पोहे माझ्या वाटीत टाकले.

नागपूर, परतल्यावर

यंत्र डिसेंबरात बसलं. मी गेलो नाही, दोघांनीच नको म्हणून सांगितलं. "येऊन काय हाळी देणार हायसा?" असं विलास फोनवर म्हणाला. खरा निकाल सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढल्यावर कळेल, तोवर डॉक्टर मुजावर चांगलं किंवा वाईट एक अक्षर बोलायला तयार नाहीत. विलासला हे पटत नाही. पाक वाफ्यात ओतला की तासाभरात कळतं, यांना सहा महिने कशाला लागतात, असं त्याचं म्हणणं. गोळ्या मात्र तो घेतो. शोभा समोर उभी राहून तोंड उघडायला लावते.

सीडी मी फाइलमध्ये परत ठेवली. एकदा घरच्या कॉम्प्युटरवर लावून बघितली. आता मला ती न हलणारी भिंत दिसत नाही, एकटा ओढणारा मधला पडदा दिसतो.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी फोन वाजला. मी ग्रंथालयाच्या जुन्या सवयीनं हळू आवाजात 'हॅलो' म्हणालो. पलीकडून चिपाडांच्या जाळाचा आवाज येत होता.

"दाजी, नुसतं ऐका. बोलू नगासा. नाना, ह्यो फोन धरा जरा. काहिलीकडं करा, काहिलीकडं!"

माणसांची हालचाल, वासे कड्यांत घातल्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मग विलासची हाळी सुरू झाली. ती चढत गेली. मी खिडकीशी उभा होतो, आणि माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरला आहे. ती आणखी चढली, मागच्या वेळी तुटली होती त्या जागेच्या खूप पुढं गेली, आणि जिथं तुटायला हवी तिथं तुटली. सहा माणसांचा एकच हुंकार आला. मग पाक ओतल्याचा लांब, जाड आवाज.

चर्र असं काही ऐकू आलं नाही.

"सांडला का?" मी विचारलं.

"थेंब न्हाय," विलास म्हणाला. "बरं, ठेवतो आता. गूळ धराय लागलाय."